उतार वाया गेला

आमच्या संगीताचं, म्हणजे माझ्या नातीचं, लग्न झालं ते साल २०१८. लग्न आटोपून महिना झाला नसेल, तेव्हा मार्चअखेरीस आम्ही चौघं मोहफुलं वेचायला पैनगंगेच्या जंगलात निघालो. मी, माझा धाकटा भाऊ खेमसिंग, त्याची बायको रामीबाई आणि तांड्यातला शाम. जुनी डिझेल जीप शामची. तांड्याजवळची झाडं त्या वर्षी नीट फुललीच नव्हती, म्हणून आतल्या खोऱ्यात तीन दिवस मुक्काम करायचा आणि सहा पोती वाळवून आणायची, असं ठरलं.

जीपची बॅटरी मेलेली होती. शाम गाडी नेहमी उतारावर, तोंड खाली करून लावायचा. चाकाखालचा दगड काढला, गाडी घरंगळली, गिअर टाकला की इंजिन सुरू. खोऱ्यातही त्याने ती नाल्याच्या उतारावरच लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोती गाडीत चढवून दोरांनी आवळली. खेमसिंग शेवटची टोपली भरायला झाडाखाली वाकला. झुडपातून दोन पिलांची अस्वलीण आली. एकच किंकाळी! मी कुऱ्हाड घेऊन धावलो, रामीबाई पत्र्याचा डबा बडवत धावली. अस्वलीण पळाली, पण खेमसिंगची मांडी फाटली होती. रामीबाईने पदर फाडून ती करकचून बांधली. आम्ही त्याला पोत्यांवर आडवं केलं.

"भिया," तो दात आवळून मला म्हणाला, "संगीताच्या लग्नात नाचलो नाही, एवढं त्या अस्वलीणबाईनं नाचवलं."

"चूप बस! शाम, काढ दगड!"

शाम हलला नाही. "काका, टाकीत डिझेल कमी हाय. तीन दिवस गाडी तिरपी उभी. नळीत हवा धरली असंन. आधी हवा काढू द्या. दहा मिनिटं."

"माह्या भावाचं रक्त चाललं, अन् तू हवा काढतं? सोड गाडी!"

तांड्यात मोठ्याचा शब्द कोणी मोडत नाही. शामने दगड काढला. जीप घरंगळली. गिअर पडला. इंजिन दोनदा गुरगुरलं, हिसका बसला आणि गाडी थेट नाल्याच्या रेतीत रुतली. बंद!

उतार तेवढाच होता.

शामने बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा बोल्ट पान्याने सैल केला आणि डिझेल चढवायचा छोटा हातपंप दाबू लागला. बोल्टमधून नुसता फेस! तो दाबत राहिला. अंगठ्याची साल निघाली. मग फेस विरळ झाला आणि डिझेलची सलग धार लागली. त्याने बोल्ट आवळला. पण आता इंजिन फिरवायचं कशानं?

"मागचं चाक जॅकवर उचलू," शाम म्हणाला. "टायरले दोर गुंडाळून ओढू. गाडी गिअरात ठेवली तर चाकासंगं इंजिन फिरंल. लांब दोर पायजे."

दोर पोत्यांना होते. ते कापायला उचललेला माझा विळा थांबला. तीन दिवसांची फुलं!

माझ्यासमोर कधी मान वर न करणारी रामीबाई ओरडली, "पाहून काय राह्यले? कापा!"

दोर कापले, खेमसिंगला सावलीत निजवलं, पोती खाली ढकलली. तोंडं सुटून फुलं रेतीत सांडली. त्या वासावर अस्वलीण पुन्हा काठावर येऊन उभी राहिली.

सपाट दगडावर जॅक बसवला. शाम आत बसला. मी आणि रामीबाईने दोर ओढला. चाक फिरलं, काही नाही. पुन्हा गुंडाळला. काळा धूर आला, विझला. अस्वलीण दहा पावलं खाली उतरली. माझ्या हातांची कातडी सोलून दोराला लागत होती.

"ओढा!" शाम ओरडला.

धाड, धाड, धाड! इंजिन पेटलं! त्या आवाजाने अस्वलीण वळली. आम्ही पोती रिकामी करून चाकांखाली अंथरली, गाडी बाहेर काढली आणि खेमसिंगला आत निजवलं. फुलांचा ढीग तिथेच राहिला. कोणी मागे पाहिलं नाही.

गाडी रस्त्याला लागली तसे खेमसिंगने डोळे उघडले. "सुरू झाली का, भिया?"

"झाली रे."

"शामनं सांगतलं होतं तुले."

"हो. सांगतलं होतं."

दहा मिनिटांचं काम होतं. आमचे दोन तास गेले. उमरखेडचा दवाखाना अजून लांब होता.

माझा धाकटा भाऊ खेमसिंग फकिरा राठोड २९ मार्च २०१८ रोजी दुपारी पावणेएक वाजता, ढाणकीच्या अलीकडे, चालत्या गाडीत वारला.