निरंक दाखला

राज्याचे ग्रंथालय आता एका कुपीत मावत होते. चार कोटी पुस्तके, अहवाल आणि खटल्यांची कागदपत्रे मिळून जेमतेम चमचाभर पाणी. त्याला ग्रंथद्रव म्हणत. तळघरातल्या त्या कुपीची देखरेख गेली बावीस वर्षे डॉ. सुनीती खरवंडीकर करत होत्या. कुपीत काय नाही, हे लिहून द्यायचा अधिकारही त्यांचाच होता.

अशा कागदाला निरंक दाखला म्हणत. समुद्र आत आल्यापासून त्याची मागणी वाढली होती. गेल्या शतकात कारखान्यांनी विषारी गाळाची पिंपे माळांवर पुरली होती आणि कुठे पुरली ते आपापल्या अहवालांत लिहून ठेवले होते. कारखाने गेले, माणसे गेली, अहवाल तेवढे ग्रंथद्रवात उरले. म्हणून बुडालेल्या गावांना नवी जमीन देण्यापूर्वी ग्रंथालयाला विचारायचे, असा कायदा झाला. काही सापडले नाही, तर जमीन निर्धोक.

हिरा पागधरे दाखला घ्यायला आली होती. तिच्या गावची एकेचाळीस कुटुंबे तीन वर्षे एका धान्याच्या गोदामात राहत होती. त्यांना बोरटेकचा माळ मिळायचा होता. येताना तिने बहिणीचा जुना दाखला नमुना म्हणून आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

"चांगुणाचा आहे. चार वर्षं झाली तिला शेवऱ्याच्या माळावर," ती म्हणाली. "भोपळे असे होतात म्हणते, उचलवत नाहीत. पोरांची नखं तेवढी निळी पडलीत. विहिरीचं पाणी लोखंडी असेल."

सुनीतीबाईंनी मान हलवली. त्यांचे लक्ष यंत्राकडे होते. विषय: पुरलेली घातक द्रव्ये. स्थळ: बोरटेक. दहा मिनिटांनी पडद्यावर उत्तर उमटले. शून्य.

"म्हणजे नाही ना काही?"

"नाही."

हिराने श्वास सोडला. मग पडद्यावरच्या कुपीच्या चित्राकडे बोट दाखवून विचारले, "एवढ्याशा पाण्यात हे शोधतं कसं, बाई?"

"प्रत्येक पुस्तक म्हणजे रेणूंची एक लांब साखळी. चार प्रकारचे मणी, त्यांच्या क्रमात मजकूर. साखळीच्या टोकाला वीस मण्यांची एक खूण असते, त्या पुस्तकाच्या विषयाची. आपल्याला हव्या त्या विषयाची जोडखूण आपण द्रवात सोडतो. ती फक्त आपल्या खुणेला चिकटते. मग तेवढ्याच साखळ्यांच्या लाखो नकला होतात आणि त्या वाचता येतात. बाकीच्या गप्प पडून राहतात."

"गळाला ठरावीकच मासा लागावा, तसं."

"तसंच."

"आणि गळच नसला तर?"

सुनीतीबाई हसल्या. "तसं कसं होईल?"

"नाही, आमचा बा जाळं रिकामं आलं की आधी जाळं बघायचा. फाटलं नाही ना ते. मग समुद्राला शिव्या." हिरानेही हसून घेतले. "तुम्ही बघितलंत ना?"

सुनीतीबाईंचा हात बोरटेकच्या दाखल्यावर, सहीच्या जागी होता. तो त्यांनी मागे घेतला. विद्यार्थी असताना प्रयोगशाळेत त्यांना हेच शिकवले होते: शून्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी, जे नक्की आहे ते मागून पाहा. इथे ते कधी करावेसे वाटले नव्हते.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात याच विषयाची खूण त्यांनी स्वतः एका अहवालाला लावली होती. काळवटच्या मैदानात पुरलेली दोनशे पिंपे. नकाशासकट. त्यांनी स्थळ बदलले. काळवट.

दहा मिनिटे गेली.

शून्य.

त्यांनी खूणसूची उघडली. तिच्यात प्रत्येक विषयाच्या जोडखुणेचे सूत्र असते. या विषयासमोरची जागा रिकामी होती आणि बारीक अक्षरांत शेरा होता: वीस वर्षे मागणी नाही, विषय निवृत्त. तारीख बारा वर्षांपूर्वीची.

त्यांना निवृत्त विषयांची ती यादी आठवली. एकमेकींत गुंतणार नाहीत अशा खुणा मोजक्याच असतात. नव्या विषयांना जागा हवी होती, म्हणून कुणी विचारत नाही असे नऊशे विषय काढून टाकले होते. तेव्हा माळ ओसाड होते. कोण विचारणार? सूत्रे पुसली गेली. यंत्राला विषयाचे नाव अजून कळत होते. सूत्र नव्हते, म्हणून ते द्रवात नुसते पाणी सोडत होते आणि इमानाने सांगत होते, काही लागले नाही.

यादीखाली सही त्यांचीच होती.

"काय झालं, बाई?"

सुनीतीबाईंनी सांगितले. सोपे करून, काही न लपवता.

"मग नवा गळ करा."

"वीस मणी, प्रत्येक चारांपैकी एक. एक लाख कोटींहून जास्त जुळण्या होतात. एकेक करून पाहायला आयुष्यं पुरणार नाहीत. सगळाच द्रव वाचायचा तर चाळीस वर्षं लागतील, आणि वाचता वाचता तो संपेल."

"पण पुस्तक आहे आत?"

"असलं तर आतच आहे. इथंच."

हिराने पडद्याकडे पाहिले. "गोदामात गुडघाभर पाणी येतंय आता," ती हळूच म्हणाली. "मी त्यांना काय सांगू? आहे म्हणू, का नाही म्हणू?"

"मला माहीत नाही, हिराताई. मी सही करू शकत नाही."

"बारा वर्षांत किती केल्यात?"

"दोनशे चौदा."

हिराने पिशवीतून बहिणीचा दाखला काढला. घडी उलगडून खालच्या सहीकडे पाहिले, मग सुनीतीबाईंच्या टेबलावरच्या नावाच्या पाटीकडे. तिने बहिणीला फोन लावला. खोली इतकी शांत होती की पलीकडचा रहाट ऐकू येत होता.

"चांगू, ते विहिरीचं पाणी पोरांना देऊ नको. थांब, आधी ऐक. जमिनीत काहीतरी असेल."

पलीकडे चांगुणा हसली.

"काय असणार? कागद तुझ्याकडेच आहे ना? वाच की. काही नाही म्हणून लिहिलंय त्यावर."