पाचवा मास्क

गिरिजाताईंची ब्लू पॉटरीची शेड सांगानेरला, बसथांब्याच्या मागच्या गल्लीत होती. मूळच्या त्या सांगलीच्या. नवऱ्याची, गोविंदरावांची, बँकेतून जयपूरला बदली झाली आणि निवृत्तीनंतरही दोघं तिथल्याच मानसरोवर वसाहतीत राहिली. शेडमध्ये कामाला माणसं चार: त्या स्वतः, रंग भरणाऱ्या दोघी बायका आणि भांड्यांसाठी गारगोटीचं पीठ चाळणारे देवरामजी.

देवरामजींचा खोकला थंडी सरली तरी हटेना. ओळखीचे छातीचे डॉक्टर अभिषेक म्हणाले, "हे पीठ एकदा फुप्फुसात बसलं की निघत नाही, ताई." त्याच आठवड्यात गिरिजाताईंनी खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवला, झाडू बंद करून फरशी ओल्या फडक्याने पुसायला लावली आणि फिल्टरचे मास्क मागवले. खोक्यात पाच निघाले. चार खुंट्यांवर नावं चिकटवली. पाचवा टोकाच्या खुंटीवर नुसताच अडकवला.

देवरामजी काही मास्क घालेनात. "मॅडमजी, तोंड बांधलं की दम घुटता है," म्हणायचे आणि चाळणी हलवत राहायचे. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत. गिरिजाताईंना ते बघवत नसे.

संध्याकाळी मास्क पुसण्याचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी पाचवा हातात घेतला, तर तो आतून ओला होता. कोमट. फिल्टरवर पिठाचा जाड थर.

कुणीतरी चुकून घातला असेल. त्यांनी नवा फिल्टर लावला आणि मास्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर पिशवीला आतून वाफ धरली होती. गाठ तशीच होती.

"देवरामजी, मी ही शेड विकत घेण्याआधी, तुमच्याही आधी, इथे चाळायला कोण होतं?"

चाळणी थांबली. "नंदकिशोर. बरसों काम केलं त्याने. आखिर में बसून झोपायचा. लेटला की श्वास पुरायचा नाही."

देवरामजींची नजर गिरिजाताईंच्या हातातल्या पिशवीवर गेली. मग उठले आणि आपल्या नावाचा मास्क काढून तोंडाला लावला. त्या दिवसापासून तो त्यांनी कधी टाळला नाही.

महिन्याभराने अभिषेक फुंकर मोजायचं यंत्र घेऊन आले. एकेकाने नळीत जोर लावून फुंकलं, एकेक कागद बाहेर आला. चौथा कागद फाडून त्यांनी नळी टेबलावर ठेवली.

यंत्रातून पाचवा कागद आला.

"बिघडलं वाटतं," अभिषेक म्हणाले. पण तो कागद त्यांनी टाकला नाही. उजेडात धरून पाहिला. "गंमत म्हणजे आलेख अगदी बरोबर आहे. असा पेशंट असता ना, तर म्हटलं असतं, आजच्या आज याला धुळीतून बाहेर काढा."

"बरं," गिरिजाताई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी चाळणीच्या कोपऱ्यातलं जुनं स्टूल उचललं आणि अंगणात कडुनिंबाखाली ठेवलं. दोघी बायका बघत होत्या. गिरिजाताईंना संकोच वाटला, तरी रिकाम्या स्टुलाकडे बघत हलक्या आवाजात त्या बोलल्याच, "आता आत काम नाही. इथे बसायचं. इथली हवा चांगली आहे."

त्यानंतर पाचवा मास्क कोरडा राहू लागला. आठवडाभर त्या रोज बोट फिरवून बघत. देवरामजींचा खोकला गेला नाही, पण वाढलाही नाही. यातलं काहीच गिरिजाताईंनी घरी सांगितलं नव्हतं. गोविंदराव हसले असते.

शनिवारी दुपारी गोविंदराव त्यांना न्यायला स्कूटरवरून आले. गिरिजाताई भट्टीचं दार लावून बाहेर आल्या, तेव्हा ते अंगणात उभे होते.

"नवा माणूस ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"का?"

"झाडाखाली बसले होते. फार धाप लागली होती, म्हणून पाणी दिलं. म्हणाले, आता पुष्कळ बरं वाटतं."

गिरिजाताईंनी वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं. त्यावरचा पेलाही रिकामा होता, आणि त्याच्या काठावर खालच्या ओठाचा पांढरा ठसा होता, अजून ओला.