चुना बदलला का?

"मॅडम, तुम्हनाकडे चुना शे का?"

ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन असं कुणी विचारत नाही. मी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि बघितलं. उंच, उन्हानं रापलेला एक जण चपला बाहेर काढून उभा होता. केस ओले. डिसेंबरात नवापूरला सकाळी दात वाजतात, आणि हा बाबा डोक्यावरून पाणी घेऊन आलेला!

"पानटपरी बसस्टँडसमोर आहे," मी म्हटलं.

"तो नही वं. भूल देवानं मशीन ऱ्हास ना, तेन्हामा टाकतस तो..." मग मास्तरांनी उभं केल्यासारखा एकदम पुस्तकी मराठीत आला. "सोडालाइम. कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो तो. असेल ना तुमच्याकडे?"

आता मात्र मी नीट पाहिलं. भुलीच्या यंत्राची मी टेक्निशियन. तो चुना मीच भरते, मीच बदलते, आणि माझ्या आईलासुद्धा अजून त्याचं नाव धड सांगता येत नाही.

"कशाला हवाय?"

"श्वास घ्यायला."

असं म्हणून तो हसला. हसला आणि मला काम सुचेनासं झालं, हे आताच सांगून टाकते. उगाच पुढे लपवाछपवी नको.

त्याचं नाव हेमकांत. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. घरी केळी आणि ऊस, आणि हा पाणबुड्या झालेला. उकाई धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या एका जुन्या पुलाचे खांब तो कॅमेऱ्यानं टिपत होता. साध्या पाणबुड्याच्या तोंडून बुडबुडे निघतात, गाळ उठतो, मग काही दिसत नाही. याच्या यंत्रातून बुडबुडे निघत नसत. सोडलेला श्वास चुन्याच्या डब्यातून जायचा, तिथे वाईट हवा गाळली जायची, थोडा प्राणवायू मिसळून तोच श्वास परत तोंडात. त्याच्या चुन्याचे डबे वाटेत कुठेतरी अडकले होते.

"म्हणजे आमच्या पेशंटसारखंच," मी म्हटलं. "फक्त आमचा पेशंट झोपलेला असतो."

"मी झोपलो तर उठवायला कुणी नही, मॅडम."

"आणि आम्हालाच चुना लावून पळालात तर?"

"मी मागाले उनू, लावाले नही!"

मोठ्या डॉक्टरांना विचारून मी त्याला दोन डबे उसने दिले. जाताना त्यानं माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं. "एस्तेर... म्हणजे ईस्टर? तो सण तर उन्हाळ्यात येतो ना?"

"यंदा लवकर आलाय," मी म्हटलं, आणि तो गेल्यावर स्वतःवरच चिडले. इतकं कशाला बोलायचं?

मग तो रोजच यायला लागला. कधी डबा परत द्यायला, कधी काहीतरी विचारायला, आणि विचारायचं काय ते दारात आल्यावर विसरायचा. माझी ड्यूटी संपली की आम्ही स्टेशनवर चहा प्यायला जायचो. तिथे एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मी महाराष्ट्रात बसायची, तो गुजरातेत. आमच्यामध्ये एक रंगवलेली रेघ आणि दोन चहाचे कप. कधी कधी त्याचं बोट रेघ ओलांडून यायचं. मी म्हणायची, "परवाना आहे का?" तो बोट मागे घ्यायचा, पण... अगदी सावकाश.

बोलणं मात्र बहुतेक चुन्याचं. इतरांना हसू येईल, पण आम्हाला दुसरं येतच काय होतं?

"कधी बदलायचा हे तू कसं ठरवतोस?" मी विचारलं होतं. तोवर अहोजाहो गळून पडलं होतं. "आमचा जांभळा होतो, मग आम्ही बदलतो."

"रंगावर जायचं नही. तुमचा जांभळा चुना रात्रभर ठेव, सकाळी परत पांढरा."

"ते माहीत आहे मला. दिसतो नवा, असतो संपलेला. म्हणून मी दाणा नखात धरून बघते. ताजा असेल तर चुरा होतो, संपलेला खडा होतो."

"पाण्याखाली नख कुठून आणू?" तो हसला. मग थोडा गंभीर झाला. "पाण्यात किती वेळ होतो ते मोजायचं. पाणी गार असलं तर चुना लवकर थकतो. जोर लावून काम केलं तर अजून लवकर. शंका आली की फेकायचा. संपला हे आपल्याला कळायला लागतं ना, डोकं दुखतं, धाप लागते, तोवर उशीर झालेला असतो. शिकताना पहिल्या दिवशी हेच घोकून घेतात."

मी कप खाली ठेवला. बाबांची गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती, पण त्या संध्याकाळी सांगितली.

माझे बाबा, योहान, विहिरीतला गाळ काढायला जायचे. आमच्याकडे विहिरीत माणूस उतरण्याआधी दोराला बांधून कंदील सोडतात. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर खाली वाईट हवा. त्या दिवशी सकाळी कंदील जळला होता. बाबा उतरले, काम केलं, वर येऊन जेवले. दुपारी कुणीतरी म्हणालं, कंदील सोडू का? बाबा म्हणाले, सकाळी जळला होता की. आणि उतरले.

पुढचं सांगायचं राहिलंच काय होतं?

हेमकांतनं रेघ ओलांडून माझा हात धरला. परवाना मागायचं माझ्या मनात आलं नाही.

"तू मला दर वेळी विचार," तो म्हणाला. "उतरायच्या आधी. मी खरं सांगेन. तुन्ही शपथ."

तेव्हापासून ते आमचं प्रेमाचं बोलणं झालं. लोक जेवण झालं का विचारतात, मी विचारायची, "चुना बदलला का?" तो म्हणायचा, "बदलेल शे." फोनवर त्याचा आवाज, मागे होडीवर पाण्याची चापटी... आणि माझा दिवस बरा जायचा.

आईला मी सांगितलं. हन्ना माझी आई, नवऱ्यामागे मजुरी करून मला शिकवणारी. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग आमच्या बोलीत एवढंच म्हणाली, पोरगा जेवतो का नीट? म्हणजे हो. त्याच्या घरीही त्यानं सांगून टाकलं होतं, आणि त्याची आई म्हणाली होती, घेऊन ये, बघू दे तरी. सोमवारी आम्ही त्याच्या गावी जाणार होतो. वाटेत कुणीच आडवं आलं नव्हतं. मला तर भीतीच वाटायची इतक्या सोप्याची.

नाताळाआधीचा रविवार. चर्चमधून मी तशीच फुगवट्याच्या काठावर गेले, अंगावर नवी साडी. घराघरांवर कागदी तारे लागलेले, पोरं गाणी म्हणत फिरत होती. हेमकांत होडीत बसून यंत्राचे पट्टे आवळत होता. होडीवाला भिला माझ्याकडे बघून हसला आणि दुसरीकडे तोंड करून बसला.

"शेवटचा खांब," हेमकांत म्हणाला. "मग मोकळा."

"चुना बदलला का?"

त्यानं डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत चुना पांढराशुभ्र. "बदलेल शे. अशी काय बघतेस?"

माझं नख शिवशिवलं. एक दाणा उचलावा आणि चुरून बघावा... पण तो माझ्याकडे बघत होता, आणि त्यानं माझी शपथ घेतली होती. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, तर लग्न कशाला करायचं? मी काही हात लावला नाही. कमरेला दोर बांधून तो उतरला. पाणी वर मिटलं, एकही बुडबुडा नाही.

लवकरच दोराला झटके बसायला लागले. भिलानं ओढून त्याला वर घेतलं. तोंड पांढरं, श्वास असा की छाती फुटेल. तो ओकला, डोकं धरून होडीत आडवा झाला, आणि मला बघून ओळखलंच नाही. "तू कोण?" म्हणाला. आयुष्यात मला एवढं कधी लागलं नव्हतं.

हळूहळू तो भानावर आला, श्वास ताळ्यावर आला. मग मी डबा उघडला. चुना जांभळा झाला होता, अगदी तळापर्यंत. नवा चुना इतक्यात जांभळा होत नाही. तो कालचाच होता. रात्रीतून पांढरा झालेला, आणि त्यानं तोच मला उघडून दाखवला. वरचा एक दाणा मी नखात धरला. खडा.

"कालचाच होता ना?"

"नवे डबे उद्या येणार होते. तुमच्याकडे परत मागितला असता तर तू म्हटली असतीस, आज रविवार, उद्यापर्यंत थांब." मग त्याची शुद्ध मराठी सुटली. "तुले उद्या घर लई जावानं व्हतं... म्हणीसन. मन्ही माय वाट देखी ऱ्हायनी, एस्तेर."

मी रडत होते. तो कोपरावर उठला. "आते कसाले रडी ऱ्हायनी? मी शे ना!"

सकाळी जळला होता की... बाबाही असंच म्हणाले होते, अगदी याच सुरात. मी होडीतून उतरले तेव्हा नव्या साडीचे काठ चिखलात भिजले होते.

सोमवारी आम्ही त्याच्या गावी गेलो नाही. त्या संध्याकाळी बाकड्यावर भेटलो. चहा घेतला, पण प्यायलो नाही.

"पुन्हा कधी नही करणार," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही, हेमकांत. तू खरं बोलशील आणि मला ते खरं वाटणार नाही. तू म्हणशील बदलेल शे, आणि मी प्रत्येक वेळी डब्यात नख घालून बघेन. दोघांचंही हसं होईल. माझ्यावर प्रेम आहे म्हणून तू खोटं बोललास... हेच तर मला झेपत नाही."

"आणि तुन्हं? तुन्हं नही?"

"आहे," मी म्हटलं. "म्हणून तर नाही म्हणतेय."

गाडी आली. त्याचं बोट रेघेपाशी आलं आणि तिथेच थांबलं. मी वाट बघितली, पण ते पुढे आलं नाही. मीही माझं नेलं नाही.

आता तो लांब दक्षिणेकडे समुद्रात काम करतो. पाण्यात उतरण्याआधी त्याचा फोटो येतो, डब्यातला पांढरा चुना. खाली दोनच शब्द. "बदलेल शे." मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून बघते. फोटोत सगळाच चुना पांढरा दिसतो.

मला वाटलं होतं, नाही म्हटलं की या वाट बघण्यातून सुटेन. कुठची सुटतेय! भाकरी थापताना एक कान फोनकडे असतो. तो वर यायला वेळ लागला की मी उठते, दारापर्यंत जाते, परत येते. काय करू, राग त्याच्यावर आहे आणि जीवही त्याच्यावरच आहे.

मग कधीतरी फोन थरथरतो. "वर उनू."

मी उत्तर देत नाही. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली असते. ती करपलेली भाकरी आई स्वतःच्या ताटात घेते आणि मला म्हणते, बस, दुसरी मी टाकते.