मंगळवारचे आकडे

पहिल्या भेटीत तो जमिनीवर उताणा पडलेला होता. ती त्याला ओलांडून जाणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा… पाय उचलतोय."

"मी कुठे उचलला?" ती दचकलीच.

"तुम्ही नाही हो, तो!" त्यानं वर बोट दाखवलं. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात एक पांढरा उंदीर मिशा पुसत बसला होता.

प्रयोगशाळेत तिला सगळे टाकेवाली म्हणत. निम्म्या उंदरांच्या कमरेतली नस ती हलकेच दाबून ठेवायची, उरलेल्यांची पाठ नुसतीच उघडून शिवायची. टाके मात्र सगळ्यांचे सारखे, असे की शोधूनही सापडू नयेत. हा नवा दोरेवाला मग खालून त्यांच्या तळपायांना नायलॉनचे बारीक दोरे लावून बघायचा. नस दबलेला उंदीर हलक्या दोऱ्यालाही पाय झटकतो, धडधाकट उंदीर ढिम्म हलत नाही. कुठला उंदीर कुठला हे दोरेवाल्याला कळता कामा नये, म्हणून मोठ्या मॅडमनी दोघांना तंबीच दिली होती – उंदरांबद्दल चकार शब्द काढायचा नाही!

दर मंगळवारी ती वजनं करायला त्याच्या खोलीत जायची.

"कानातले नवीन वाटतं?"

"उंदरांकडे बघा."

"त्यांच्याबद्दल बोलायची बंदी आहे ना… तुमच्याबद्दल नाहीये."

ती काट्याकडे बघत गालातल्या गालात हसायची, आणि तेच वजन पुन्हा करायची.

सहा महिन्यांनी मॅडमनी कुठला उंदीर कुठला याची यादी उघडली आणि टाकेवालीच्या पायाखालची जमीनच सरकली. इतर दिवशी सगळं लख्ख, पण मंगळवारी धडधाकट उंदीरही पाय झटकत होते! तिचा अख्खा प्रबंध या आकड्यांवर उभा होता. घरी बाबा नस दबल्यामुळे तीन वर्षं एकाच कुशीवर झोपत होते, आणि यंदा काम पुरं करतेच असं तिनं त्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

"कारण सापडलं तर फक्त मंगळवार वगळू," मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या. "नाहीतर सगळंच केरात."

"यांचे दोरेच खराब असणार!" टाकेवाली कडाडली. "अहो, बोला ना! मिठाची गुळणी धरून काय बसलात?"

दोरेवाल्याचे कान लालबुंद झाले. त्यानं नोंदवही ओढली, शेरा लिहिला आणि वही पुढे सरकवली. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला, "मंगळवारी त्या येतात. माझा हात थरथरतो. उंदरांचा काही दोष नाही."

टाकेवालीला कुठे बघावं ते कळेना.

"पडताळून बघू," मॅडम जराही न हसता म्हणाल्या. "पुढचे चार मंगळवार हिनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

चार मंगळवार धडधाकट उंदीर शहाण्यासारखे स्वस्थ बसले. प्रबंध वाचला.

ताजा आलेख घेऊन ती त्याच्या खोलीत आली. "शेरा खरा निघाला तुमचा."

"हो…" तो पुटपुटला. "लाज गेली, पण आकडे राहिले."

"मी त्या चारही मंगळवारी बाहेर बाकावर बसून होते. पहिल्या दिवशी वाटलं, राग आलाय. दुसऱ्या दिवशी कळलं, आठवण येतेय." तिनं हात पुढे केला. "मलाही तुम्ही आवडता. बाबांना भेटायला याल?"

त्यानं तिचा हात धरला खरा, पण बोटं काही केल्या स्थिर राहीनात. तो ओशाळून हात मागे घेऊ लागला.

तिनं सोडला नाही. "आज कुणाची परीक्षा नाहीये," ती म्हणाली. "थरथरू दे."