पाठमोरी भागीरथा

छायाचा स्वभाव असा, की प्रत्यक्ष देव दारात उभा राहिला तरी ती आधी त्याचं आधार कार्ड मागेल. सावंगीला भाड्याच्या घरात राहून ती डॉक्टर लोकांचे शोधनिबंध नीटनेटके करून द्यायची. सगळं काम एका साध्या एडिटरमध्ये. मजकूर लिहायचा, मधे चित्र टाकायचं. दिवाळीनंतर तिने बारीक ठिपक्यांच्या पडद्याचा नवा लॅपटॉप घेतला आणि वडिलांना, बापूरावांना, वडनेरहून राहायला आणलं. ते तिच्या आईच्या, म्हणजे भागीरथाच्या, गोष्टी सांगत आणि छाया त्या नातवंडांसाठी लिहून घेई.

एका दुपारी सांगता सांगता म्हातारा थांबला.

“पोरी, तिचा आवाज आठवते. चेहराच आठवून नाई राह्यला.”

“गोल चेहरा, बाबा. नाक बसकं. हसली की डोये बारीक.”

“तू सांगतं ते ऐकू येते. दिसत नाई.”

आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. आता ती दुसऱ्यांदा जात होती, या खेपेला बाबांच्या डोळ्यांदेखत, आणि त्यांना ते कळत होतं.

भागीरथाला फोटोचा भारी वैताग. लग्नाचे फोटो घराची भिंत पडली तेव्हा भिजून गेले. उरला होता एकच, सीतादहीच्या सकाळचा. वेचणीचा पहिला दिवस, वावराच्या कडेला दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवलेला, आणि भागीरथा कमरेला ओटी बांधून कापसात शिरलेली. कोणीतरी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, काढलेला. त्यात ती दूर होती, पाठमोरी, पळसाच्या झाडापाशी.

नव्या पडद्यावर तो फोटो टपालाच्या तिकिटाएवढा उघडला. यात भुताटकी काही नव्हती. ठिपके बारीक झाले होते आणि एडिटर बापडा ठिपक्याला ठिपका मोजून चित्र दाखवत होता. छायाने सेटिंग बदललं: अक्षर जितकं रुंद, त्या मापाने चित्र मोठं. मग बाबांना वाचता यावं म्हणून तिने अक्षरं वाढवली, आणि त्यांच्याबरोबर फोटोही वाढला.

वावर वाढलं, पळस वाढला. भागीरथा जरा जास्तच वाढली.

छायाने पट्टी आणून पडद्याला लावली. मघाशी आईचं डोकं पळसाच्या खालच्या फांदीखाली होतं, आता फांदीच्या वर होतं. चित्र ताणलं की फाटतं, त्याचे चौकोन दिसू लागतात, हे ती झोपेतही सांगू शकली असती. इथे लुगड्याच्या काठाची वीण दिसत होती. अंबाड्याला चिकटलेला कापसाचा तंतू दिसत होता. खोलीत उन्हात तापलेल्या कापसाचा धुळकट, गोडसर वास भरला होता आणि छायाच्या पापण्या जड झाल्या होत्या.

तिने अक्षरं पुन्हा लहान केली. वावर आक्रसलं. पळस आक्रसला.

आई तेवढीच राहिली.

“बाबा, बंद करतो मी हे.”

“काऊन? येऊन राह्यली ना ते.” बापूराव खुर्ची ओढून पुढे सरकले. “वाढव अजून.”

बंद करायला हवं होतं. पण बाबांच्या तोंडावर इतकी आस तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिने अक्षरं वाढवली. एकेक अक्षर तळहाताएवढं झालं, मजकूर पडद्याबाहेर गेला आणि समोर फक्त आईची पाठ उरली, श्वासाने हलणारी.

वडनेरच्या त्या पिढीत बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. तिला वावरातून घरी बोलवायचं तर धुऱ्यावर उभं राहून लेकराच्या नावाने ओरडायचं.

बापूराव उठून उभे राहिले. तोंडाशी हात धरला.

“छाऽऽया!”

शेजारी बसलेल्या छायाच्या ओठांवर ओ आली. पण हाक तिला नव्हती.

पाठ थांबली.

मान वळू लागली.

“हेच!” बापूराव हसत होते, रडत होते. “हेच वं ते! हेच!”

छायाने पडदा पाहिला. कापूस होता, ऊन होतं, लांब पळस होता. वावरात कोणी नव्हतं.

“तू म्हनं तसंच नाक, पाह्य. बसकं. आन् हे डोये. आठवते ना तुले?”

छायाने आईला डोळ्यांपुढे आणलं. गोल, बसकं, बारीक. शब्द सगळे जागेवर होते. त्यांच्यामागे चेहरा नव्हता.

“हो, बाबा,” ती म्हणाली, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसली, ते अजून काही सांगतील म्हणून.