खिडकीकडची टोकं

सुताराने फळीच्या टोकाजवळ ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया खुपसल्या आणि कपाळाला हात लावला. वरून कोरडी ठाक दिसणारी फळी आतून ओली होती.

"काका, ही माझी दुसरी खेप, आणि फळ्या पुन्हा ओल्या! वखारीतून निघताना मी स्वतः तपासल्या होत्या. अशा बसवल्या तर वाळताना आकसतील, फटी पडतील. आजही काम नाही."

"राहू दे. घाई कोणाला आहे?" पलंगाच्या कडेला बसलेले काका म्हणाले.

त्यांची एकुलती एक मुलगी याच खोलीत वाढली आणि गेल्या वर्षी याच खोलीत गेली. पलंगापासून खिडकीपर्यंत तिच्या चाकांच्या खुर्चीने जुन्या लाकडी जमिनीवर दोन चरे पाडले होते. नव्या फळ्या त्यांच्यावरच बसायच्या होत्या.

आपल्या लाकडाला कोणी नावं ठेवली की सुताराचं डोकं फिरायचं. इथे तर लाकडानेच दगा दिला होता. तो गुडघ्यांवर बसून खोलीत रचून ठेवलेली फळ्यांची थप्पी न्याहाळू लागला. छतावर डाग नव्हता. थप्पीखालची जमीन कोरडी होती. फक्त खिडकीकडची टोकं काळपट पडली होती.

"या खोलीत कोण येतं?"

"मीच. बसतो जरा."

"आणि काकू?"

"छे! पोर गेल्यापासून तिने इथे पाऊल टाकलेलं नाही. नव्या जमिनीचा हट्ट मात्र तिचाच."

"मग टोकांना पाणी कोणी लावलं?"

"तिनेच लावलं असेल," काका घाईने म्हणाले. "बदललं असेल मन."

सुताराने काकूंना हाक मारली. त्या येऊन उंबऱ्याबाहेर थांबल्या.

"काकू, लाकूड टोकांनी पाणी पितं. कोणीतरी तिथे ओली फडकी लावून ठेवली आणि मी यायच्या आधी काढून फळ्या पुसल्या. मी कधी येणार, हे तुम्हा दोघांनाच ठाऊक. तुम्ही आत येत नाही, असं काका म्हणाले आणि लगेच आळही तुमच्यावरच घातला. दोन्ही खरं कसं असेल? काका, हे तुम्हीच केलंत."

काकांनी मान खाली घातली. "हे चरे झाकले, तर तिचं काय उरलं?"

"तुम्ही दिवसभर तेच बघत बसता," काकू बाहेरूनच म्हणाल्या. "तिकडे घरात मी एकटी. मला वाटलं, झाकले म्हणजे बाहेर याल."

सुताराचा राग केव्हाच ओसरला होता. उगीच बोललो, असं त्याला झालं. त्याने यंत्र पेटीत ठेवलं.

"फळ्या परत नेऊ, काकू?"

"न्या."

मग त्या उंबरा ओलांडून आत आल्या. चऱ्यांवर पाय पडू न देता पलंगापर्यंत गेल्या.

"सरका जरा," त्या काकांना म्हणाल्या.