आधी झोपेल तो

अमेरिकेतल्या नोव्हायहून निघताना आश्लेषाने थर्मासमध्ये चहा आणि डब्यात मेथीचे पराठे घेतले होते. उत्तरेकडचं गोठलेलं सरोवर बघायचं, वीकेंड काढायचा आणि परत; सिद्धेशने हॉटेलही बुक केलं होतं. पण वाटेत बर्फाच्या वादळाने दोघा नवराबायकोला गाठलं. गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात रुतली. फोनला रेंज नव्हती. झाडीत ओंडक्यांची एक झोपडी दिसली, तिच्यात दोघं कशीबशी शिरली.

पार्कवाल्यांनी जपलेलं जुनं ठिकाण होतं ते. भिंतीवरचा फलक सिद्धेशने तिला वाचून सांगितला. इथे इंग्रजांचा अंमल असताना जवळच्या किल्ल्यावरून पळालेले काही कैदी इथे ऐन हिवाळ्यात अडकले. अन्न संपलं. मग जो आधी झोपेल, त्याला बाकीचे खात. शेवटी दोघंच उरले, आणि दोघंही झोपेनात.

"पुढे?"

"पुढचं नाही लिहिलेलं."

सकाळी दार बाहेरून बर्फाने बुजलेलं होतं. दोघांनी खांदे लावले, पण ते तसूभरही हललं नाही. खिडकीतून मांजरही गेलं नसतं. पराठे संपले. बर्फ चघळून जीभ बधिर झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वास आला. भाजलेल्या मांसाचा, खमंग. झोपडीतली चूल मात्र थंडगार होती. जन्मात अंडंही न खाल्लेल्या आश्लेषाच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला स्वतःचीच किळस आली.

"तुला वास येतोय?"

सिद्धेश तिच्याकडे एकटक बघत होता. "अगं, झोप ना थोडा वेळ. मी आहे जागा."

इतक्या मायेने तो कधीच बोलला नव्हता.

"तूच झोप," ती म्हणाली. तिचाही आवाज तितकाच मऊ आला.

दोघं समोरासमोर भिंतीला टेकून बसली.

कुणी पापणी मिटेना.

मग सिद्धेशची मान कलली.

ती उठली. त्याच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

फावड्यांच्या आवाजाने ती भानावर आली. दार उघडलं, लख्ख उजेड आत आला. सिद्धेश तिच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. तिने त्याचे हात, कान, बोटं चाचपली. सगळा धडधाकट होता. तिला रडू फुटलं.

गाडीत पार्कच्या रेंजर बाईंनी सँडविच दिली. सिद्धेश तुटून पडला.

"मॅम, यू मस्ट बी स्टार्व्हिंग."

आश्लेषाने नकारार्थी मान हलवली. तिला भूकच नव्हती. पोट जड होतं, सणाचं जेवल्यासारखं. जिभेच्या टोकाने ती दाढेत अडकलेला एक तंतू काढू पाहत होती. फार चिवट होता तो.